मर्टनच्या चॅपेलमधला कोमल रिषभ

ऑक्सफर्डमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारलाच दिवेलागण व्हायची. घरी आले की मी एकच रेकॉर्ड लावायचे: जोस्कँ दे प्रे या संगीतकाराची 'मिसा पांजे लिंग्वा', गाणारे टॅलिस स्कॉलर्स हा गायकवृंद. मिसा म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीसाठी रचलेलं गायन. जोस्कँ १५२१ साली गेला. म्हणजे हे संगीत आपल्या एकनाथांच्याही आधीचं.

पहिले काही दिवस हाती काहीच लागेना. आपला कान एका गळ्याच्या मागे जाणारा. तानपुरा असतो, पेटी असते, पण गाणं एकाचं. इथे चार आवाज, चौघांची वाट वेगळी, आणि साथ कोण करतंय तेच कळेना.

एकदा आईला फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, "अगं, ही भैरवीच्या वळणाची चाल आहे की!" मी पेटीच्या ॲपवर सूर लावून पाहिले. सा, कोमल रे, सा, खालचा कोमल नी, मग कोमल ग, मध्यम, कोमल ध. खरंच सगळे भैरवीचे स्वर! राग नव्हे तो, पण त्या कोमल रिषभावरून सा वर येणं ओळखीचं होतं.

ती चाल मुळात एका जुन्या लॅटिन स्तोत्राची. जोस्कँने ती कुणा एकाकडे ठेवली नाही. पहिल्या भागात, कीरिएमध्ये, टेनर म्हणजे पुरुषांचा उंच आवाज ती उचलतो, मग बास म्हणजे सगळ्यांत खालचा, मग वरचे दोघे. हे कळल्यावर मी रोज एकाच आवाजाचा हात धरून ऐकू लागले. आज फक्त टेनर, उद्या फक्त बास. रेकॉर्ड असल्यामुळेच हे जमलं. मैफलीत कोण पुन्हा पहिल्यापासून गाईल?

पीटर फिलिप्स यांनी १९७३ मध्ये इथेच, ऑक्सफर्डमध्ये, टॅलिस स्कॉलर्स सुरू केला. एकेका आवाजाला सहसा दोनच गायक, आणि वरच्या पट्टीला मुलांऐवजी स्त्रिया, म्हणून प्रत्येक धागा सुटा ऐकू येतो. १९८७ मध्ये या रेकॉर्डला 'ग्रामोफोन' मासिकाचा वर्षातल्या सर्वोत्तम रेकॉर्डचा मान मिळाला. इतक्या जुन्या संगीताला तो पहिल्यांदाच.

त्यांची सुरुवातीची बरीच ध्वनिमुद्रणं इथल्या मर्टन कॉलेजच्या चॅपेलमधली, म्हणजे प्रार्थनामंदिरातली. माझ्या घरापासून चालत वीस मिनिटं. संध्याकाळच्या प्रार्थनेला कुणीही जाऊन बसू शकतं, तशी मीही गेले. या चॅपेलचा मोठा लांब सभामंडप बांधायचा राहूनच गेला, त्यामुळे इमारत इंग्रजी टी अक्षरासारखी आहे. गायक थांबले तरी शेवटचा सूर दगडी भिंतींपाशी रेंगाळत होता. रेकॉर्डमध्ये मला जी आस ऐकू यायची, ती अशा दगडांची असते तर!

तुम्ही ऐकणार असाल तर हेडफोन लावा आणि कीरिएपासून सुरू करा. घाई करू नका. अगदी शेवटी, आन्युस देईमध्ये, सबंध वेळ चौघांत फिरलेली ती चाल वरचा आवाज लांब, ठाय स्वरांत घेतो. तिथे आई फोनवर बोलायची थांबते.