स्कूटर ठेवून बसने जाणारे आम्ही

इंदूरमध्ये राजेंद्रनगरहून पलासियाला ऑफिसला जायचं तर माझं गेली आठ-नऊ वर्षं एकच ठरलेलं, घरून स्कूटर काढायची, राजीव गांधी चौराह्याजवळ स्टँडला लावायची, हेल्मेट स्टँडवाल्याकडे द्यायचं आणि तिथून आयबस, म्हणजे वेगळ्या लेनमधून धावायची ती शहर बस. याला पार्क अँड राइड म्हणतात हे फार नंतर कळलं, तोवर आमच्या कॉलनीतले निम्मे लोक हेच करत होते.

परवा गेले तर स्टँडवर जेमतेम पंधरा-वीस गाड्या. पूर्वी तिथे दोन गाड्यांमधून बाहेर निघताना ओढणी अडकायची. स्टँडवाला म्हणाला, "दीदी, अब कोई रखता ही नहीं, ऐसा ही रहा तो दिवाली के बाद मैं भी बंद कर दूंगा." दिवसभर तेच डोक्यात राहिलं.

२०१३ मध्ये आयबस सुरू झाली तेव्हा निरंजनपूर ते राजीव गांधी, सुमारे साडेअकरा किलोमीटर, एबी रोडच्या मधोमध बसची स्वतंत्र लेन होती. भंवरकुआं, नवलखा, जीपीओ, गीता भवन, कुठेही बघा, शेजारी गाड्यांची ही एवढी रांग आणि आपली बस सरळ पुढे. त्या लेनसाठीच तर आम्ही स्कूटर ठेवायचो! आणि एसी होता, उन्हाळ्यात मे महिन्यात त्याची किंमत काय ते इंदूरकरांनाच कळेल. स्टेशनचा प्लॅटफॉर्म आणि बस एका उंचीला, पायरीच नाही, त्यामुळे माझ्या सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतरसुद्धा एकट्या जाऊन यायच्या. आता साध्या बसची पायरी चढायची म्हटलं की त्या "राहू दे गं" म्हणतात, आणि मग रिक्षाचे पैसे नाहीतर घरी बसणं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी बीआरटीएस, म्हणजे हीच बसची स्वतंत्र लेन, हटवायचं जाहीर केलं आणि २७ फेब्रुवारी २०२५ ला ती हटवायला परवानगी देणारा हायकोर्टाचा निकाल आला. कारण मला कळतं, बाजूच्या लेनमध्ये कोंडी व्हायचीच, आमचे भाऊजी रोज एलआयजी चौराह्याला अडकायचे आणि रोज चिडून घरी यायचे, त्यांचंही खोटं नव्हतं. पण मला असं वाटतं की लेन काढायची ठरली तेव्हाच, त्या लेनच्या भरवशावर जे लोक स्कूटर ठेवत होते त्यांचं काय, हे ठरायला हवं होतं. कारण गणित अगदी साधं आहे. स्टँडला गाडी लावायला आणि बसची वाट बघायला दहा-पंधरा मिनिटं जातात, ती पुढे बसमध्ये वसूल झाली तरच माणूस थांबतो. बस पण त्याच ट्रॅफिकमध्ये उभी राहणार असेल तर लोक म्हणणारच की मग स्कूटरनेच जातो ना, पेट्रोल शंभरच्या वर असलं तरी. माणसं कमी झाली की फेऱ्या कमी करायचा विचार येतो, फेऱ्या कमी झाल्या की वाट बघणं वाढतं, वाट बघणं वाढलं की उरलेलेही जातात, आणि शेवटी स्टँडवाला कुलूप लावतो.

मेट्रो आली ना, असं काही जण म्हणतात. ३१ मे २०२५ ला सुरू झाली ती गांधीनगरपासून सुपर कॉरिडोरवर, पाच स्टेशनं, सुमारे सहा किलोमीटर. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला! आणि उद्या ती जवळ आली तरी स्टेशनपाशी गाडी ठेवायला जागा लागणारच की, तेव्हा ही सवय पुन्हा नव्याने लावायची का?

आम्हाला फार काही नकोय. सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी बस ठरलेल्या अंतराने येऊ दे, पाच मिनिटांनी म्हणा, सात म्हणा, पण ठरलेल्या. पार्किंग आणि बस दोन्हीचा मिळून एकच महिन्याचा पास असू दे. स्टँडवर पत्रा आणि नीट लाईट, कारण रात्री साडेआठला अंधारात किल्ली शोधताना भीती वाटते, मला वाटते, माझ्याबरोबर उतरणाऱ्या कॉलेजच्या मुलींना तर जास्तच. आणि जिथे सिग्नलला जागा आहे तिथे निदान बस आधी निघेल एवढं तरी करा.

कॉलनीत अर्ज लिहिलाय, काल रात्रीपर्यंत एकतीस सह्या झाल्या. रविवारी सकाळी स्टँडवरच बसणार आहोत कागद घेऊन, जे अजून गाडी ठेवतात त्यांच्या सह्या राहिल्यात.