ड्रॅगनच्या आधी कागद

जपानी ओरिगामी कलाकार सातोशी कामिया यांचा ‘एन्शंट ड्रॅगन’ हा कागदी ड्रॅगन करायला घेणारे घड्यांच्या पायऱ्यांनाच घाबरतात. त्या आहेतच पावणेतीनशेच्या घरात. पण चिकाटी असेल तर पायऱ्या जमतात, अडतं ते कागदापाशी. कात्री न लावता एकाच चौकोनातून पंख, शिंगं, पंजे काढायचे म्हणजे पायाच्या बोटांशी थरांवर थर चढतात. साधा ओरिगामी कागद तिथे बसत नाही, फुगतो. सरावाला खाकी कागद चालेल, खऱ्या ड्रॅगनला नाही.

बडोद्यात मात्र आपली एक सोय आहे: पतंगाचा कागद. उत्तरायणाच्या आधी मांडवी-गेंडीगेटच्या बाजूला फिरलात तर ताव मिळतात. कागद पातळ असतो, पण एकेरी ताव लगेच फाटतो, म्हणून दोन ताव सीएमसीने, म्हणजे कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजने, चिकटवायचे. त्याची पावडर केमिकलच्या दुकानात मिळते. 100 मिली पाण्याला 2 ग्रॅम पुरते. पाणी ढवळत ठेवून पावडर चिमटीचिमटीने भुरभुरायची. पावडरीवर पाणी ओतलंत तर साबुदाण्यासारख्या गाठी होतात आणि त्या मोडत नाहीत. मग रात्रभर मुरू द्या.

चिकटवण्याआधी दोन गोष्टी तपासा. कागदाचा रंग सुटतो का? ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा पुसला की कळतं. सुटत असेल तर दोन्ही ताव एकाच रंगाचे घ्या, नाहीतर निळ्या-पिवळ्याचा हिरवा चिखल होतो. दुसरं म्हणजे, कागद कुठल्या दिशेने सरळ फाटतो ते एक पट्टी फाडून बघा. दुसरा ताव पहिल्याला आडवा ठेवला की कुठल्याच बाजूने सहज फाटत नाही. सुकल्यावर थोडा वाकडा होईल, वजनाखाली ठेवला की बसतो.

ताव स्वच्छ काचेवर पसरून रुंद, मऊ ब्रशने मधून कडांकडे सीएमसी लावा. ओला कागद फुगतो आणि सुरकुततो. तेव्हा घाईने ओढू नका, अर्धा मिनिट थांबा आणि मगच ब्रशने सुरकुती बाहेर काढा. त्यावर दुसरा ताव, पुन्हा सीएमसी. पंखा बंद हवा, नाहीतर कडा आधी सुकून सुटतात आणि मधला भाग आकसतो. मे महिन्यात इथे हेच होतं. श्रावणात उलट त्रास, दिवस संपला तरी कागद दमटच. जानेवारीची कोरडी थंडी यासाठी सगळ्यात चांगली.

चौकोन 50 सेंमीपेक्षा लहान नको. कर्ण मोजा: 50 सेंमीच्या चौकोनात दोन्ही 70.7 सेंमी भरले पाहिजेत. गुण्यावर विश्वास ठेवू नका, कर्ण खोटं बोलत नाही. इथला एक मिलिमीटरचा फरक पुढे शिंगाच्या टोकाशी उठून दिसतो.

या मॉडेलमध्ये साडेबावीस अंशांच्या घड्या फार. कोन दुभागताना कड कर्णावर आणून घडी कोपऱ्यापासून दाबत न्या. मधून सुरू केलीत तर ती नेमकी टोक चुकवून जाते. जिथे पुढे बरेच थर बंद व्हायचे आहेत, तिथे कड रेषेला भिडवू नका, केसभर फट ठेवा. कागदाच्या जाडीला जागा लागते. ती न मिळाल्यास आतला थर सरकतो आणि बाहेरची कड उसवते.

सगळ्यात जास्त कागद फाटतो तो सिंक करताना, म्हणजे घडीचं टोक थरांच्या आत दाबताना. आत दाबायच्या भागातली प्रत्येक घडी आधी दोन्ही बाजूंनी मोडून घ्या, मग कागद उघडून भाग आत ढकला. बंद सिंकमध्ये, म्हणजे कागद पूर्ण न उघडता टोक आत ढकलताना, जोर लावला तर रेषा मिळतात तिथेच भोक पडतं. पडलंच, तर मागून पतंगाच्या कागदाचा बोटाच्या नखाएवढा तुकडा सीएमसीने चिकटवा, सुकू द्या, पुढे चला. लाज वाटायचं कारण नाही, मागची बाजू कोण बघतं!

शेवटी आकार देताना पातळ सीएमसी ब्रशने थोडं थोडं लावा, मानेचे थर चिमट्याने धरा, पाय सुती दोऱ्याने बांधा. पंखांना शेवटी हात लावा, कारण ओला पंख आपल्याच वजनाने लोंबतो. सीएमसी हवेतला दमटपणा ओढतं, म्हणून ड्रॅगन काचेच्या बंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. उघड्या शोकेसमध्ये तो पावसाळ्यात मान टाकतो आणि वर कसर लागते ती वेगळीच.