हातचा येत नाही तोवर

नऊ एकांची संख्या, म्हणजे १११११११११, घेऊन तिचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ हे उत्तर येते. ते फळ्यावर लिहिले की मला हमखास विचारले जाते, "दिसायला सुरेख आहे, पण यात गणित काय?" तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

गुणाकार नेहमीसारखा उभा मांडून पाहा. एकाखाली एक नऊ ओळी येतात आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली असते. त्यामुळे उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एक १ येतो, दुसऱ्यात दोन, असे करत मधल्या स्तंभात नऊ, आणि पुढे ते पुन्हा एकेकाने कमी होतात. कोणत्याही स्तंभाची बेरीज नवाच्या वर जात नसल्याने हातचा येतच नाही. दहा एक घेतले, की मधल्या स्तंभात १० होतात, हातच्यामुळे शेजारच्या ९ चेही १० होतात, त्याच्या पुढच्या ८ चे ९ होतात, आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूचा ८ नाहीसा झाला! देवळालीला शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांचा हौसेने अभ्यास केला आणि त्यांना 'डेम्लो संख्या' म्हटले.

म्हणजे हा चढउतार दशमान पद्धतीमुळे दिसतो. सोळाच्या पायात, म्हणजे दहाऐवजी सोळा अंकचिन्हे वापरून, हीच संख्या लिहिली तर तो उरणार नाही. अवयव मात्र तेच राहतील. म्हणून माझ्या मते खरा ऐवज अवयवांत आहे. १११११११११ = १११ × १००१००१; त्यातले १११ म्हणजे ३ × ३७ आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. वर्ग केल्यावर ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग मिळतो, आणि प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार केला की या वर्गाचे एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५ निघतात.

यातला ३३३६६७ मला विशेष प्रिय आहे. ती मूळ संख्या आहे, आणि १ ला तिने भागले की ०.०००००२९९७०००००२९९७… असा नऊ अंकांचा गट पुन्हा पुन्हा येत राहतो. ज्या मूळ संख्येने १ ला भागल्यावर बरोबर नऊ अंकांचे आवर्तन मिळते, तिने ९९९९९९९९९ ला निःशेष भागलेच पाहिजे. आणि त्या संख्येचे मूळ अवयव ३, ३७ आणि ३३३६६७ एवढेच आहेत. ३ चे आवर्तन एका अंकाचे (०.३३३…) आणि ३७ चे तीन अंकांचे (०.०२७०२७…) असते. तेव्हा नऊ अंकी आवर्तन देणारी मूळ संख्या जगात ३३३६६७ ही एकटीच आहे.