आंब्वाझमधले जॉबरकाका

आंब्वाझच्या किल्ल्यातून उतरून आम्ही क्लो ल्यूसेच्या दारात आलो, तेव्हा गटातल्या काही जणांची निराशा मला दिसत होती. लुआर नदीकाठचे भव्य राजवाडे बघितल्यावर लाल विटांचा आणि पांढऱ्या दगडाचा हा १४७१ सालचा वाडा लहानच वाटतो. टूर मॅनेजर म्हणून मला मात्र अख्ख्या फ्रान्समध्ये हीच जागा सगळ्यांत प्रिय आहे. राजा पहिला फ्रान्स्वा याच्या बोलावण्यावरून चौसष्ट वर्षांचा लिओनार्डो दा विंची १५१६ मध्ये इथे राहायला आला. मोनालिसाही त्याच्यासोबत आली. २ मे १५१९ला तो इथेच वारला.

झोपायची खोली झाली. स्वयंपाकघरातल्या मोठ्या चुलीपाशी मी नेहमीची गोष्ट सांगितली: अखेरच्या काळातल्या एका कागदावर भूमितीचं गणित अर्धवट सोडून त्याने लिहिलंय, सूप गार होतंय. बायका मनापासून हसल्या.

मग आम्ही बागेत गेलो. लिओनार्डोच्या रेखाटनांवरून बनवलेली मोठाली यंत्रं तिथे मांडलेली आहेत. त्यातला रणगाडा उपड्या टोपलीसारखा दिसतो. गटातले इचलकरंजीचे एक काका त्याच्याभोवती दोनदा फिरले. सगळं आयुष्य जॉबर म्हणून, म्हणजे यंत्रमागांची जुळणी-दुरुस्ती करण्यात काढलेले, टूरभर फारसे न बोललेले. माझ्या फाईलमध्ये मूळ चित्राची प्रत होती. चित्र आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. काकांनी ती मागून घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेका दात्यावरून बोट फिरवलं.

"हे हँडल असं फिरवलं तर म्होरली चाकं म्होरं जात्यात आन् मागली मागं. गाडी जागची हलायची न्हाई की!"

माझ्या अंगावर काटा आला. अभ्यासक ज्यावर वाद घालत आलेत, नेमकी तीच गोष्ट काकांनी चार-पाच मिनिटांत हेरली होती. ही त्याची चूक, की चित्र चोरीला गेलं तरी कुणाला रणगाडा बनवता येऊ नये म्हणून मुद्दाम केलेली खोड? मी हा वाद सांगितला.

"मुद्दाम," काका लगेच म्हणाले. "एवढा मानूस दाते चुकवंल व्हय? आमी तरी आमच्या मागाचं सेटिंग दुसऱ्या जॉबरला कुटं दावत हुतो?"

मला हा निवाडा पटला. कारागिराच्या मनातलं कारागीरच ओळखणार.

तोवर सगळा गट भोवती जमला होता. तळघरातली छोटी मॉडेल काकांकडून समजून घ्यायचीत, असा सगळ्यांनी हट्ट धरला. युरोपात बसचालकाच्या कामाचे तास कायद्याने बांधलेले असतात, त्यामुळे मी आधी चालकाशी बोलून हिशेब केला. पुढचा खरेदीचा थांबा रद्द करावा लागणार होता. गटाला विचारलं, तर काकूंसकट सगळे तळघराच्या पायऱ्या उतरायलासुद्धा लागले होते.