डावे पान कोरे, उजवे पान रेघांचे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत स्नेहसंमेलन, सहली आणि कबड्डीचे सामने यांवर लिहिणारे पुष्कळ जण असतील. मी जीवशास्त्राच्या जर्नलवर, म्हणजे प्रयोगांच्या नोंदवहीवर, लिहिते आहे. गोव्यातल्या आपल्या उच्च माध्यमिक विद्यालयात शिकलेल्या गोष्टींपैकी हीच मला पुढे सगळ्यांत जास्त उपयोगी पडली. आता महाविद्यालयात प्रॅक्टिकल घेताना पहिल्या वर्षाच्या मुलांमध्ये हिचीच उणीव सगळ्यांत जास्त जाणवते.

सगळे प्रयोग उतरवून झाले आणि शेवटच्या पानापर्यंत सही मिळाली की जर्नल पूर्ण झाले, असे मुले समजतात. प्रमाणित जर्नल हातात असल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, त्यामुळे सगळी धावपळ सहीसाठीच होते. आमच्या बाईंची कसोटी निराळी होती. तुमचे जर्नल दुसऱ्या तुकडीतल्या मुलाला द्यायचे. त्याने तुम्हाला एकही प्रश्न न विचारता तोच प्रयोग लावून दाखवला, तर ते पूर्ण. जर्नल इंग्रजीत असायचे, समजावणे मराठी-कोंकणीत चालायचे, पण ही कसोटी कुठल्याही भाषेत तेवढीच कडक आहे.

आधी वहीबद्दल. डावे पान कोरे, ते आकृत्यांसाठी आणि तिथे फक्त पेन्सिल. उजवे पान रेघांचे, ते मजकुरासाठी आणि तिथे फक्त शाई. वही हातात आली की पहिल्याच दिवशी सगळ्या पानांना क्रमांक घालावेत. क्रमांक घातलेल्या वहीतून पान फाडता येत नाही, आणि अनुक्रमणिका शेवटी घाईने भरायची वेळ येत नाही. अनुक्रमणिकेत प्रयोग केल्याची तारीख आणि सही घेतल्याची तारीख या दोन स्वतंत्र रकान्यांत असाव्यात. बहुतेक छापील जर्नलांत तारखेचा एकच रकाना असतो. तो पट्टीने उभा दुभागावा.

खरी अडचण रफ वहीपासून सुरू होते. प्रयोग सोमवारी होतो, आकडे रफ वहीच्या शेवटच्या पानावर टिपले जातात आणि जर्नल रविवारी लिहिले जाते. मधल्या सहा दिवसांत आकडे गुळगुळीत होतात. ७ मिनिटे ४० सेकंदांची ८ मिनिटे होतात, न दिसलेली अवस्था पुस्तकातून उतरते आणि ‘थोडेसे’ घातलेले द्रावण अचूक ५ मिलि होते. यावर उपाय सोपा आहे. उद्देश, साहित्य आणि निरीक्षणाचा रिकामा तक्ता आदल्या रात्री जर्नलमध्येच तयार ठेवावा, आणि आकडे प्रयोगाच्या टेबलावर थेट शाईने त्यात भरावेत. अक्षर थोडे वाकडे येते. येऊ द्यावे.

लाळेतील अमायलेजचा, म्हणजे स्टार्च तोडणाऱ्या विकराचा, प्रयोग घेऊ; प्रयोग सोपा, पण नोंद जवळजवळ नेहमीच अपुरी. ‘स्टार्चच्या द्रावणात लाळ घातली, काही वेळाने आयोडीनशी निळा रंग आला नाही’ एवढ्या नोंदीवरून कुणालाही काही करता येणार नाही. नोंद अशी हवी: १ ग्रॅम स्टार्च थोड्या थंड पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात ओतले, ढवळले आणि थंड झाल्यावर १०० मिलि केले. चूळ भरून १ मिलि लाळ घेतली, ती ९ मिलि ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळून कापसातून गाळली. ‘अ’ टेस्टट्यूबमध्ये ५ मिलि स्टार्च आणि १ मिलि लाळद्रावण. ‘ब’ टेस्टट्यूबमध्ये ५ मिलि स्टार्च आणि १ मिलि उकळून थंड केलेले लाळद्रावण. दोन्ही नळ्यांतले स्टार्च आधी पाच मिनिटे ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवले. लाळ घातली त्या क्षणी घड्याळ सुरू केले. दर मिनिटाला एक थेंब पांढऱ्या टाइलवरच्या आयोडीनच्या थेंबात टाकला.

आता कुठे काय बिघडते ते. पहिल्याच मिनिटाला निळा रंग आला नाही, तर लाळ फार तीव्र आहे. ९ ऐवजी १९ मिलि पाणी घालून पुन्हा लावावे, आणि पहिला प्रयत्नही जर्नलमध्ये ठेवावा. वीस मिनिटे झाली तरी निळा रंग जात नसेल, तर आधी ड्रॉपर पाहावा: आयोडीनचा ड्रॉपर टेस्टट्यूबमध्ये बुडाला असेल तर पुढचे सगळे थेंब वाया. तापमान बदलून पाहताना उकळत्या पाण्यातल्या नळीतला गरम थेंब घेतला तर स्टार्च असूनही निळा रंग फिका येतो, कारण स्टार्च आणि आयोडीनचा रंग उष्णतेने जातो. थेंब टाइलवर निवू द्यावा. आणि सर्वांत जास्त दिसणारी चूक शब्दांची: शेवटच्या रकान्यात मुले ‘रंगहीन’ लिहितात. टाइलवर रंगहीन काहीच नसते, आयोडीनचा स्वतःचा पिवळट रंग तिथे असतोच. निळा-काळा, जांभळट, तांबूस तपकिरी आणि मग आयोडीनचा पिवळा, असा क्रम डोळ्यांनी जसा दिसला तसा लिहावा. मधला तांबूस टप्पा म्हणजे स्टार्च तुटून झालेली डेक्स्ट्रिने. तो ज्याने लिहिला नाही त्याने बहुधा पाहिलाच नाही.

पाण्याचे तापमान आपण मोजतो, प्रयोगशाळेचे मोजत नाही. आपल्याकडे ऑक्टोबरची दुपार आणि जानेवारीची सकाळ यांत सहा-सात अंशांचा फरक सहज पडतो. बीकर स्पिरिटच्या दिव्यावरून खाली उतरवला की पाणी निवण्याचा वेगही त्यावर ठरतो, आणि दोन तुकड्यांच्या वेळा जुळत नाहीत. म्हणून तारखेशेजारी खोलीचे तापमान आणि प्रयोग सुरू झाल्याची वेळ लिहावी. दोन आकडे, पण पुढे शंका आली की तेच उपयोगी पडतात.

कांद्याच्या मुळाच्या टोकातील मायटोसिस, म्हणजे पेशीविभाजन, हा प्रामाणिकपणाचा प्रयोग आहे. मुळे सकाळी कापायची, ३ भाग इथेनॉल आणि १ भाग ग्लेशियल ॲसिटिक आम्ल यांच्या मिश्रणात चोवीस तास ठेवायची आणि मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये. स्लाइडवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब, ॲसिटोकार्मिनचे दोन-तीन थेंब, हलकी ऊब; उकळू द्यायचे नाही. त्यानंतर फक्त टोकाचा २-३ मिलिमीटर गडद रंगलेला भाग ठेवून बाकीचे काढून टाकायचे. इथेच निम्मे वर्ग चुकतात. टोकाऐवजी वरचा भाग राहिला तर लांबट, विभाजन थांबलेल्या पेशींचीच रांग दिसते. कव्हरस्लिपवर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबावे. बाजूला सरकवले तर पेशी गुंडाळतात.

स्लाइड चांगली झाली तरी बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच, म्हणजे दोन विभाजनांमधल्या काळातच, असतात. विभाजनाच्या अवस्थांपैकी मेटाफेज शोधावा लागतो, ॲनाफेज आणखी कमी. डाव्या पानावर मात्र चारही अवस्था पुस्तकातल्यासारख्या देखण्या उतरलेल्या असतात. हे मला मान्य नाही. दिसलेल्या अवस्था काढाव्यात आणि न दिसलेल्या अवस्थेपुढे ‘या स्लाइडमध्ये आढळली नाही’ असे लिहावे. त्यासोबत मोजणी द्यावी: तीन-चार दृश्यक्षेत्रांतल्या (सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणाऱ्या वर्तुळांतल्या) मिळून २०० पेशी मोजल्या, त्यांतल्या १८ विभाजनात होत्या, तर मायटोटिक इंडेक्स ९ टक्के. चार सुबक आकृत्यांपेक्षा या एका ओळीतून परीक्षकाला जास्त कळते. सही देणाऱ्या शिक्षकांनीही ‘आढळली नाही’ या ओळीला गुण कापू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुले खोटे लिहायला शिकतात ती बहुतेक वेळा गुणांच्या भीतीने.

आकृतीचे नियम थोडेच आहेत. टोकदार एचबी पेन्सिल, एकसंध रेघ, छटा नाही. गडदपणा दाखवायचाच असेल तर ठिपके. आकृती निदान अर्धे पान व्यापणारी. नावे उजव्या बाजूला एकाखाली एक, रेघा पट्टीने, एकमेकींना न छेदणाऱ्या, बाणाचे टोक न काढता थेट त्या भागाला टेकणाऱ्या.

त्याहून महत्त्वाचे आहे वर्धन. आयपीस (डोळ्याकडचे भिंग) १० पट, ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडकडचे भिंग) ४० पट, म्हणून आकृतीखाली ‘४०० पट’ असे सगळे लिहितात. ते सूक्ष्मदर्शकाचे वर्धन झाले. तुमच्या आकृतीचे तुम्ही ती किती मोठी काढली यावर ठरते. ते असे काढावे. १०च्या ऑब्जेक्टिव्हखाली पारदर्शक पट्टी ठेवून दृश्यक्षेत्राचा व्यास मोजावा. समजा तो १.८ मिलिमीटर आला. ४०च्या ऑब्जेक्टिव्हखाली तो चौथा हिस्सा, म्हणजे ०.४५ मिलिमीटर. कांद्याच्या पापुद्र्याच्या सहा पेशी लांबीने १.८ मिलिमीटरमध्ये बसल्या, तर एका पेशीची लांबी ०.३ मिलिमीटर. कागदावर ती ६० मिलिमीटर काढली असेल, तर आकृतीचे वर्धन २०० पट. एकदा हा व्यास मोजून जर्नलच्या आतल्या कव्हरवर सूक्ष्मदर्शकाच्या क्रमांकासह लिहून ठेवला की वर्षभर पुरतो. पर्णरंध्रांची घनताही त्यावरच काढता येते: ०.४५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ०.१६ चौरस मिलिमीटर. सरासरी २० रंध्रे दिसली तर चौरस मिलिमीटरला १२५.

रंध्रांसाठी नेलपॉलिशचा ठसा सोपा पडतो, पण पान कोरडे हवे आणि गुळगुळीत हवे. खाडीकाठच्या ॲव्हिसेनिया या खारफुटीच्या पानाची खालची बाजू बारीक लवेने झाकलेली असते, तिथे ठशात रंध्रे उमटत नाहीत. असा ठसा फुकट गेला, तर ‘प्रयोग फसला’ एवढ्यावर थांबू नये. लव दिसली, तीच नोंद. खारफुटीच्या पानाबद्दल ती बरेच सांगते.

क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे पानातली रंगद्रव्ये द्रावकाने कागदावर वेगळी करण्याच्या प्रयोगाच्या, पट्ट्या सगळे जर्नलमध्ये चिकटवतात आणि परीक्षेपर्यंत तिथे नुसता पिवळसर कागद उरतो, कारण हिरवी रंगद्रव्ये उजेडात लवकर विटतात. पट्टी बाहेर काढल्याबरोबर, ती ओली असतानाच, द्रावकाची पोहोचरेषा पेन्सिलने आखावी, प्रत्येक पट्ट्याची कड गिरवावी, रंगाचे नाव लिहावे आणि अंतरे मोजावीत. द्रावक ८ सेंटिमीटर गेला आणि कॅरोटीन ७.६ गेले, तर आरएफ, म्हणजे रंगद्रव्याचे अंतर भागिले द्रावकाचे अंतर, ०.९५. द्रावक कोणता आणि कोणत्या प्रमाणात, हे लिहिल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही. पेट्रोलियम ईथर ९ भाग आणि ॲसिटोन १ भाग असेल तर तसे लिहावे. आरंभरेषा पेन्सिलनेच, कारण शाई द्रावकाबरोबर वर चढते, आणि ठिपका द्रावकाच्या पातळीच्या वरच असावा. पालक नाही मिळाला म्हणून कुणी घरची तांबडी भाजी आणली, तर तांबडा डाग जागचा हलत नाही. तो रंग पाण्यात विरघळणारा आहे, पेट्रोलियम ईथर त्याला उचलत नाही. ही पट्टी बिघडलेली नाही. असेच लिहावे.

ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानावरचा प्लाझमोलिसिस (पाणी गेल्याने पेशीतला भाग आक्रसणे), बटाट्याचा ऑस्मोस्कोप (साखरेच्या द्रावणाकडे पाणी ओढले जाते हे दाखवणारा प्रयोग) यांवर फार लिहीत नाही. फक्त एवढेच: बटाट्याच्या तळाची साल काढली का, आणि साखरेचे द्रावण किती टक्के होते, हे लिहायला मुले हटकून विसरतात. साल राहिली तर पाणी आत शिरत नाही, आणि ‘ऑस्मोसिस झाला नाही’ असा चुकीचा निष्कर्ष शाईने लिहिला जातो.

चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि तारीख. व्हाइटनर नको. खोडलेला आकडाच खरा होता असे नंतर कळते, तेव्हा तो वाचता यायला हवा.

पावसाळ्यातल्या गोव्याची स्वतःची काही पथ्ये आहेत. जूनपासून कागद दमट होतो, शाई फुटते. शिवारफेरीला फील्डबुकात पेन्सिलच वापरावी. हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, दाबलेल्या झाडांचे वर्तमानपत्र पहिले काही दिवस रोज बदलावे, नाहीतर बुरशी येऊन पान काळे पडते. ताज्या फुलाचा रंग तोडतानाच टिपावा, वाळल्यावर तो उरत नाही. चतुर्थीच्या माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-फुलांच्या आराशीसाठी, घरोघरी रानातून येणारी कांगले, कवंडळ, केवण यांची नोंद करायला याहून चांगली संधी नाही: घरातल्या मोठ्यांनी सांगितलेले नाव, वाडीचे नाव, रानातली जागा, तारीख, फूल की फळ. शास्त्रीय नाव नंतर बाईंना किंवा सरांना दाखवून घालावे आणि तोपर्यंत तो रकाना रिकामा ठेवावा, अंदाजाने भरू नये.

शाळेला एक सुचवावेसे वाटते. दरवर्षीच्या तुकडीतले एक चांगले जर्नल आणि माटोळीच्या नोंदींची एक वही विद्यार्थ्याच्या परवानगीने प्रयोगशाळेत ठेवून घ्यावी. कसर आणि बुरशी यांपासून सांभाळायचे तर कपाट भिंतीपासून हातभर पुढे असावे, खालचा कप्पा मोकळा ठेवावा, सिलिका जेलच्या पुड्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तापवून पुन्हा वापराव्यात, आणि ऑक्टोबरचे ऊन पडले की वह्या उघडून दिवसभर व्हरांड्यात वाऱ्यावर ठेवाव्यात; थेट उन्हात नको, पेन्सिल टिकते पण शाई उडते.