टिकाव शेवटी: परभणीकडच्या एका बारवेवर चार दिवस

सेलू स्टेशनाबाहेर पहाटेही चहा मिळतो. मनमाड-परभणी मार्गावरच्या या स्टेशनावर उतरून वालूरकडे निघालं, की दोन्ही बाजूंना मे महिन्यातली काळी, भेगाळलेली रानं लागतात. उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर रचलेले. बारवेचा (पायऱ्यांच्या जुन्या विहिरीचा) गाळ काढायचं काम चालू आहे त्या गावी जाण्याआधी वालूरची बारव बघून घ्यावी. मराठवाड्यातल्या बारवा बहुधा चौकोनी. ही मात्र गोल, पायऱ्या शंखाच्या वळणासारख्या फिरत तळाशी जातात. गावकऱ्यांनीच गाळ उपसून ती उघडी केली. सकाळी आठच्या आत गेलात तर ऊन एकाच बाजूच्या पायऱ्यांवर असतं आणि वळण नीट दिसतं.

मुक्काम होता त्या गावाचं नाव लिहीत नाही. बारवेचा गाळ निघतोय अशी बातमी फुटली की गुप्तधनवाले रात्री पहारी घेऊन हजर होतात, आणि तळात एखादी कोरीव शिळा अर्धी उघडी असताना ते परवडत नाही. बारव नंदा प्रकारातली, म्हणजे एकाच बाजूने उतरायची वाट. (दोन वाटांची भद्रा, तीन वाटांची जया, चार वाटांची विजया.) यादवकाळी पद्धतीचं काळ्या दगडाचं कोरडं बांधकाम, सांध्यात चुना नाही. तळाचं कुंड २० फूट बाय २० फूट, त्यात सात फूट गाळ आणि गाळावर पाणी. शिकाऊ मुलं-मुली अठरा, सहा-सहाचे तीन गट. शिकवायला एक पाथरवट, एक गवंडी आणि मोजणी-नकाशे जाणणारी एक वास्तुविशारद ताई.

पहिल्या तीन आठवड्यांत कुणाच्याही हातात टिकाव दिलेला नव्हता. एरवी तरुण मंडळं रविवारी जमतात, दुपारपर्यंत चार ट्रॉल्या गाळ काढतात, फोटो टाकतात आणि पुढच्या रविवारी निम्मी होतात. उत्साहात कुठला दगड कुठून निघाला हे कुणी लिहिलेलं नसतं, आणि मग तो दगड कायमचा बेवारस होतो.

कागदपत्रं त्याही आधीची. केंद्र संरक्षित स्मारक असेल तर १९५८ चा कायदा लागतो, राज्य संरक्षित असेल तर महाराष्ट्राचा १९६० चा. दोन्हीकडे लेखी परवानगीशिवाय हात लावता येत नाही. बहुतेक बारवा मात्र कुठल्याच यादीत नसतात. म्हणून रान मोकळं, असं नव्हे. १८७८ चा निखात निधी कायदा सगळीकडे लागू आहे. गाळात दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही दडलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शिवाय सातबारा काढून बघावा. गाव ज्या बारवेला आपली म्हणतं ती कधीकधी कुणाच्या तरी गटात पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी जागा म्हणून बसलेली असते. इथे मालकाची लेखी संमती, ग्रामसभेचा ठराव, तहसील आणि पोलीस पाटलांना पत्र, राज्य पुरातत्त्व विभागाच्या सहायक संचालकांना माहिती, एवढं होईपर्यंत फेब्रुवारी संपला होता.

वयाचा नियम कडक. गाळ, दगड, पंप यांच्याजवळ अठरा पूर्ण झालेलेच. त्याखालचे नोंदवहीवर आणि फोटोवर. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली तेव्हापासून १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांवर बंदी आहे, आणि उघडी विहीर हे कुणाच्याही हिशोबाने धोक्याचंच काम.

मोजणीपासून सुरुवात. साधनं गवंड्याचीच: ओळंबा, गुण्या, ३० मीटरचा टेप, दोरी आणि लेव्हल पाइप, म्हणजे पातळी बघायची पाणी भरलेली नळी. वरच्या एका पक्क्या दगडावर शून्य खूण धरायची आणि प्रत्येक टप्पा, प्रत्येक देवकोष्ठ (भिंतीतला मूर्तीचा कोनाडा) त्या खुणेपासून किती खाली हे घ्यायचं. नकाशा १:५० प्रमाणात, आलेख कागदावर. पहिल्या आठवड्यात एका गटाचा टप्पा दुसऱ्या गटापेक्षा चार इंच खाली आला. बारव खचली की काय, अशी चर्चा सुरू झाली. दोष नळीत होता: पाण्यात हवेचा बुडबुडा अडकलेला. बुडबुडा असला की दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत येत नाही. नळी बादलीतून, एका टोकाने ओढून, सावकाश भरायची; मोजायच्या आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी समान दिसतंय का बघायचं; आणि नळी उन्हात पडू द्यायची नाही. हे तीन वाक्यांत सांगता येतं, पण मुलांना कळलं ते चार इंचांचा शोध घेण्यात एक सकाळ गेल्यावर.

निखळलेल्या दगडांना नंबर द्यायची पद्धतही शिकण्यासारखी. ऑइल पेंट वर्ज्य. दगड जागेवर असताना खडूने नंबर, बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो. हलवल्यावर, आत दडणाऱ्या बाजूवर छोटा पक्का नंबर. दर्शनी बाजूला लाल रंगात आकडे घातलेल्या बारवा मी पाहिल्या आहेत. ते आकडे आता बारवेपेक्षा जास्त टिकतील.

उपशाला एप्रिल-मे हाच काळ, कारण पाणी सर्वांत खाली असतं. पण तेव्हाच लग्नसराई, तेव्हाच ४२ अंश ऊन, आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे पाचला धावायला जातात. म्हणून काम साडेसहा ते साडेनऊ; मानधन आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी. बाजारानंतर दिलं तर पुढच्या आठवड्याची हजेरी पडते, असं हिशोब ठेवणारी मुलगी म्हणाली. तिचा हजेरीपट पाहिल्यावर पटलं. मे संपायच्या आत गाळ बाहेर निघालाच पाहिजे, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात अर्धवट मोकळ्या झालेल्या भिंतीवर पाणी येतं.

पाणी उपसताना घाई करायची नाही. भिंतीमागची माती पाण्याने भरलेली असते. आतलं पाणी एकदम उतरवलं तर मागचा दाब एकट्या भिंतीवर येतो आणि कोरडे रचलेले दगड पुढे सरकतात. इथला नियम दिवसाला जास्तीत जास्त दीड फूट. रोज सकाळी एका ओळीतल्या पाच दगडांचं पुढे आलेलं अंतर ओळंब्याने बघायचं. दोन सूत फरक दिसला की पंप बंद. मासे आणि दोन कासवं आधीच जाळीने धरून शेततळ्यात सोडली होती.

आता पंपाचं. डिझेल इंजिन वर ठेवून पाणी ओढता येतं ते जेमतेम २२-२५ फूट खोलीवरून, त्याखालून ओढ लागत नाही. म्हणून लोक इंजिनच खालच्या टप्प्यावर उतरवतात, आणि विहिरीत माणसं मरतात ती इथे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड खालच्या कोंडलेल्या जागेत साचतो, त्याला वास नसतो. इथे वरून लोंबणारा तीन अश्वशक्तीचा विजेचा गाळपंप, तारेला जोड नाही, गळती झाली की वीज तोडणारा ईएलसीबी बसवलेला, आणि पाण्यात माणूस असताना पंप बंद. मेणबत्ती उतरवून बघायची जुनी रीत मुलांना दाखवली जाते, पण तिची मर्यादा सांगूनच: विझली तर उतरू नये हे खरं, जळत राहिली म्हणून उतरावं असं मुळीच नाही. कुजलेला गाळ ढवळल्यावर सुटणारा सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तिला कळत नाही, आणि तो वाढला की नाकालाही कळेनासा होतो. म्हणून गॅस मोजायचं यंत्र भाड्याने आणलेलं. कुणी खाली कोसळलं तर मागोमाग उडी नाही. पट्टा आणि दोर लावलेला असतो, वरूनच ओढायचं. याची तालीम दर सोमवारी होते, वाळूचं पोतं बांधून.

गाळाचा हिशोब मुलांकडूनच करून घेतला होता आणि तो शाळेच्या भिंतीवर लावलेला होता. २० × २० × ७ म्हणजे २,८०० घनफूट, २८ ब्रास. ओला गाळ घमेल्याला साधारण १५ किलो, म्हणजे ब्रासला तीनशेच्या वर घमेली, एकूण नऊ हजार. साखळीतून मिनिटाला सात घमेली वर येतात, तासाला चारशे. बावीस-तेवीस तास. रोज तीन तास धरले तर आठ सकाळी. प्रत्यक्षात लागल्या तेरा, कारण तळातला शेवटचा अडीच फूट गाळ फावड्याने काढत नाहीत. तो खुरप्याने सुटा करून चाळणीवर धुतात. वरच्या थरात नेहमीचं: प्लास्टिक, बाटल्या, प्लास्टरच्या मूर्तींचे सांगाडे, निर्माल्य. खाली खापरं, रहाटाचं झिजलेलं लाकूड, मोटेच्या नाड्याने खाचा पडलेला एक दगड. खाचा बोटभर खोल होत्या. शेतात कधी मोट पाहिलेली नाही अशी मुलं त्यात बोट घालून बघत होती.

काळ्या दगडाचं वजन घनफुटाला ८० किलोच्या वर. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, एक फूट जाड दगड म्हणजे ३७० किलो. तिपाईला एक टनी चेन पुली, खाली पहार आणि लाकडी रूळ. दगडाला तारेचा दोर नाही, रुंद नायलॉनचा पट्टा. तारेने कोर झिजते आणि एकदा कोर गेली की सांधा बसत नाही. अंगाखाली हात घालायचा नाही, आधी लाकडाची पाचर.

सगळ्यात जास्त शिकवावं लागतं ते हात आवरणं. तिसऱ्या दिवशी एक मुलगा सिमेंटचं घमेलं घेऊन वरून उतरला. घरच्या बांधकामातलं उरलेलं होतं, हेतू चांगला. त्याने विचारलं, "मामा, ही फट भरून टाकू?" पाथरवट मामा वर न बघता म्हणाले, "भर की. मग पाणी कुठून येईल ते बी सांग." कोरड्या बांधकामातल्या फटी ही चूक नव्हे. झऱ्याचं पाणी त्यातूनच आत येतं आणि पावसाळ्यात मागचा दाब त्यातूनच सुटतो. सिमेंट भरलं की झरा अडतो, दाब वाढतो, काही वर्षांत भिंत पोट काढते. मग लोक म्हणतात बारव जुनी होती, पडली.

पिंपळाचंही तसंच. कोवळी रोपं हाताने निघतात. मनगटाएवढं मूळ सांध्यात गेलेलं असेल तर ओढायचं नाही, ते आता दगड धरून बसलेलं असतं. खोड कापायचं, फुटवे पुन्हापुन्हा खुडत मूळ मरू द्यायचं, आणि ते मूळ कुजून ढिलं झालं की पोकळीत दगडाच्या पाचरी बसवायच्या. मीठ आणि ॲसिड दोन्ही बंद: मीठ दगडात मुरून पापुद्रे काढतं. तणनाशक पाण्यात उतरतं. हिंगाचा उपाय प्रत्येक गावात कुणीतरी सांगतंच. इथे त्यावर अर्धा तास वाद झाला आणि हिंग शेवटी कढीत गेला. देवकोष्ठातल्या मूर्तीवर शेंदराचं जाड कवच आहे. ते काढायचं नाही, असं गावाने सांगितलं आणि ताईंनी नोंदवहीत तसंच लिहिलं.

चुना फक्त वरच्या कठड्यासाठी, कारण तो नंतरचा, विटांचा आहे. कळीचा चुना लोखंडी पिंपात विरवतात: पिंपात आधी पाणी, मग थोडी थोडी कळी. उलट केलं तर उकळी उसळून तोंडावर येते. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, शेजारी स्वच्छ पाण्याची बादली. मुलांनी विरवलेला चुना आता खड्ड्यात पाण्याखाली झाकलेला आहे आणि दिवाळीपर्यंत तिथेच राहील. मेच्या उन्हात लावलेला चुना धरायच्या आधीच सुकतो आणि भुगा होतो. सराव मात्र चालू आहे: वडाच्या सावलीत तीन फुटांची भिंत, एक भाग चुना, एक भाग वीटभुकटी, दोन भाग चाळलेली वाळू, वर ओलं गोणपाट. दर गटाची भिंत आठवड्याने खिळ्याने ओरखडून बघतात. एका गटाची पावडर झाली. त्यांनी गूळ जास्त घातला होता, गोडाने घट्ट होईल म्हणून. थोडा गूळ चालतो, जास्त झाला की चुना धरतच नाही. मुंग्या मात्र धरतात.

शेवटच्या सकाळी पंप दोन दिवसांपासून बंद होता. ईशान्येच्या कोपऱ्यात, खालून तिसऱ्या थरातल्या एका सांध्यातून बोटभर धार लागलेली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या फळ्यावर एक मुलगी लिहीत होती: उघड्या पायऱ्या ३१. कालचा आकडा, ३२, तिने खोडला नाही. शेजारीच राहू दिला.