एका कार्यालयात दोन बेस

खानापूर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात रिसेप्शन होतं. साउंड आमचा, ऑर्केस्ट्रा बेळगावचा: दोन गायक, एक गायिका, कीबोर्ड, लीड गिटार, बेस गिटार, ढोलकी आणि ऑक्टोपॅड. यादी सीमाभागात असते तशीच. सुरुवातीला कोळीगीतं, मग दोन लावण्या, मधे जुनी हिंदी, नवरीकडच्यांसाठी कन्नड गाणी आणि शेवटी नाचायला नवी हिंदी. एकाच बेसवाल्याला तीन-साडेतीन तासांत हे सगळे बाज सांभाळायचे असतात.

बेस वाजवणाऱ्या मुलाचा आदल्या दिवशी फोन आला होता. "दादा, पाचशे वॅटचा ॲम्प घेतोय. शंभरचा पुरत नाही बघा. मलाच माझं ऐकू येत नाही आणि खाली बसलेले म्हणतात, बेस हायच कुठं?" पैसे देण्याआधी एकदा प्रत्यक्ष बघू म्हणून त्याला बाकीच्यांच्या तीन तास आधी बोलावून घेतलं. त्याच्याकडे चार तारांचा पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेला) बेस, शंभर वॅटचा काँबो ॲम्प (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) आणि एक लहान मल्टिइफेक्ट, म्हणजे वाद्याचा आवाज बदलणारं मशीन, होता.

पहिलं काम विजेचं. स्टेजच्या बाजूच्या सॉकेटमध्ये मल्टिमीटर लावला. फेज-न्यूट्रल २२६ व्होल्ट, ठीक. पण फेज-अर्थ १४१ आणि न्यूट्रल-अर्थ ८५. अर्थिंग नीट असेल तर फेज-अर्थ जवळपास फेज-न्यूट्रलइतकंच दिसतं आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्टच्या आत राहतं. असे अधलेमधले आकडे आले की सॉकेटची जाड पिन आत कशालाच जोडलेली नाही असं समजायचं. खात्रीसाठी ६० वॅटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये धरला. पेटला नाही.

बेसवाल्यासाठी ही किरकोळ गोष्ट नाही. बेसच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या जाळीतून ॲम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. ॲम्पला अर्थ नसेल तर आतल्या फिल्टरमधून गळणारा थोडा करंट त्या पत्र्यावर, म्हणजेच तारांवर येतो. माइकची जाळी मात्र मिक्सरच्या अर्थला असते. कोरस गाताना ओठ माइकला लागले की झिणझिण्या येतात, त्या यामुळे. आणि कधी ॲम्पच्या आत फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली तर झिणझिण्यांवर भागत नाही, जीव जातो. हम, म्हणजे सततची गुणगुण, येतो म्हणून अर्थची पिन कापणारे, दोन पिनांचा ॲडॉप्टर लावणारे आजही दिसतात. तसं कधीच करू नये. हमसाठी डीआय बॉक्सवर (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळेल असा करून देणारी लहान पेटी) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. ते सिग्नलच्या केबलची जाळी तोडतं, विजेच्या अर्थला हात लावत नाही.

मेन पॅनलवर अर्थ चांगला होता: फेज-अर्थ २२७, न्यूट्रल-अर्थ १.२. तिथून २.५ स्क्वेअर एमएमची तीन कोअरची केबल ओढली, पुढे ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असलेला बोर्ड लावला आणि स्टेजवरची सगळी वाद्यं व मिक्सर त्याच एका बोर्डवर घेतला. एवढ्या सामानाचा भार एक किलोवॅटच्या आतच असतो. सब (खालच्या सुरांचे स्पीकर) आणि टॉप (वरच्या आवाजाचे) यांचे पॉवर ॲम्प वेगळ्या लाइनवर, पण अर्थ त्याच पॅनलचा. जनरेटरवर बदली झाली की हेच आकडे पुन्हा घ्यायचे. जनरेटरचा न्यूट्रल सैल असला तर एखाद्या फेजवर २३० ऐवजी तीनशेच्या वर व्होल्टेज चढतं आणि आधी ॲडॉप्टर, मग पेडल जळतात.

मग सिग्नल. बेसवाला मल्टिइफेक्टच्या मागून पंधरा मीटरची साधी गिटार केबल थेट मिक्सरच्या लाइन इनमध्ये देत असे. अशी अनबॅलन्स्ड केबल पाच-सहा मीटरच्या पुढे नेली की वाटेतल्या डिमरचा, एलईडी लाइटच्या ड्रायव्हरचा सगळा कचरा ती उचलते. त्याहून वाईट म्हणजे इफेक्ट बंद पडला की तो बेस सरळ त्याच लाइन इनमध्ये घालायचा. लाइन इनचा इंपीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, साधारण १० ते २० किलोओहम असतो, आणि पॅसिव्ह पिकअपला (तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग) समोर एक मेगओहमच्या आसपास लागतो. कमी मिळाला की वरचा आवाज मरतो आणि नुसता घुमारा उरतो. त्यामुळे आमच्या पेटीतला ॲक्टिव्ह डीआय त्याच्या पायापाशी ठेवला, मिक्सरवरून ४८ व्होल्ट फँटम (केबलमधूनच जाणारी वीज) दिला, तीन मीटरची जॅक केबल डीआयपर्यंत आणि पुढे एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांची बॅलन्स्ड केबल. ॲक्टिव्ह बेस असता, म्हणजे आत बॅटरी असलेला, तर ट्रान्सफॉर्मरवाला साधा पॅसिव्ह डीआयही चालला असता.

इथवर आवाज स्वच्छ झाला. एकटा वाजवत होता तेव्हा हॉलच्या टोकापर्यंत एकेक सूर वेगळा कळत होता. बाकीची मंडळी आली, पहिलं कोळीगीत सुरू झालं आणि बेस पुन्हा गायब. मिक्सरवरचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर नेला तर नुसता गडगडाट वाढला, सूर काही कळेना.

कारण कीबोर्डमध्ये होतं. आपल्याकडचे बहुतेक ऑर्केस्ट्रे अरेंजर कीबोर्डवर स्टाइल लावून वाजवतात. डाव्या हाताने कॉर्ड धरली की कीबोर्ड स्वतःच ताल, कॉर्ड, पॅड आणि बेस वाजवतो. यामाहाच्या पीएसआर मालिकेत स्टाइलचे आठ भाग असतात: दोन रिदम, एक बेस, दोन कॉर्ड, एक पॅड, दोन फ्रेझ. ऑक्टोपॅड आणि ढोलकी असल्यामुळे कीबोर्डवाल्याने रिदम बंद केले होते. बेस मात्र चालूच. म्हणजे स्टेजवर दोन बेस वाजत होते: एक माणसाचा, एक यंत्राचा.

दोन बेस म्हणजे दुप्पट बेस नव्हे. माणूस मूळ गाण्याची चाल वाजवतो, स्टाइल आपला ठरलेला षड्ज-पंचम वाजवते. मात्रा एकमेकांवर पडत नाहीत आणि खालच्या पट्टीत कुठलाच सूर ठरत नाही. जिथे दोघे एकाच सुरावर येतात तिथे वेगळीच पंचाईत. ए तार, ५५ हर्ट्झ, समजा दहा सेंट (अर्ध्या सुराचा दहावा भाग) उतरलेली आहे. फरक साधारण ०.३२ हर्ट्झचा. कानाला तो बेसूर वाटत नाही, पण लांबवलेला सूर दर तीन सेकंदांनी फुगतो आणि बसतो, कारण दोन लाटा आळीपाळीने जुळतात आणि एकमेकींना मारतात. बसल्या क्षणी बेसवाल्याला वाटतं ॲम्प कमी पडला, म्हणून तो नॉब फिरवतो. कीबोर्डवालाही मग वाढवतो. यात वॅट ओतून काही सुधारत नाही.

कीबोर्डवाल्याला स्टाइलचा बेस बंद करायला सांगितलं. तेच कोळीगीत, तोच फेडर, आणि मागच्या रांगेपर्यंत बेस उभा राहिला. ढोलकीवाला मान डोलवत म्हणाला, "आता कसं, माझा डग्गा पण ऐकू येतोय की!" काही कीबोर्डवर स्टाइल बदलली की बंद केलेला भाग परत चालू होतो. म्हणून प्रत्येक गाण्याच्या रजिस्ट्रेशनमध्ये (कीबोर्डमध्ये साठवलेली मांडणी) बेस बंद करूनच सेव्ह करायला लावलं. शेवटच्या नव्या हिंदी गाण्यांना ते मायनस वन (गायकाचा आवाज काढलेले) ट्रॅक वापरत होते आणि त्यांत बेस छापलेलाच असतो. तिथे दोनच वाटा: बेस काढलेला ट्रॅक मिळवायचा, नाहीतर बेसवाल्याने ट्रॅकच्या अष्टकाच्या वर राहून भर घालायची. त्याच खालच्या सुरावर त्याने पुन्हा बोट ठेवू नये.

पाचशे वॅटचा हिशेब त्याच्यासमोर मांडला. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात. शंभराचे पाचशे केले की ७. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. शिवाय त्याचा ॲम्प पोकळ फळ्यांच्या स्टेजवर, पायांच्या मागे होता. सुराची ओळख पटवणारा ७०० ते १००० हर्ट्झचा भाग पोटऱ्यांवर आदळत होता आणि खालचा भाग फळ्या घुमवत होता. ॲम्प लोखंडी खुर्चीवर ठेवून कानाकडे तिरका केला. आवाज आधीपेक्षा कमी ठेवूनही त्याला स्वतःचं स्पष्ट ऐकू आलं. हा मुलगा निपाणी, चिक्कोडी, चंदगडला दुचाकीवर जातो. वीस-पंचवीस किलोचा काँबो कुठे बांधणार?

सबची जागाही बदलली. १८ इंचाचे दोन सब मागच्या भिंतीपासून साधारण दोन मीटर पुढे, स्टेजच्या दोन टोकांना होते. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, तिच्या लाटेची लांबी सुमारे ८.४ मीटर. सब भिंतीपासून २.१ मीटरवर असला की भिंतीवरून परतलेली लाट अर्धी लाट मागे पडून येते आणि समोरची लाट मारते. दोन सब लांब लांब ठेवले की हॉलमध्ये कुठे बेस दाटतो, कुठे पोकळी पडते. दोन्ही सब एकमेकांना चिकटवून भिंतीला लावले. जेवणाच्या बाजूची पोकळी गेली.

इफेक्टचं शेवटी बघितलं. त्याच्या मशीनमध्ये तीसेक पॅच, म्हणजे साठवलेले आवाज, होते, सगळे घरी हेडफोनवर बनवलेले. मिक्सरच्या मीटरवर एकेक लावला तर एका पॅचपासून दुसऱ्यापर्यंत ९ डेसिबलचा फरक. चारच ठेवले आणि मीटर बघत २ डेसिबलच्या आत आणले.

बोटांचा पॅच मुख्य. कॉम्प्रेसर (जोराचा आवाज दाबणारा) ४:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) ३० मिलिसेकंद, रिलीज (सोडायचा वेळ) १२०, जोराच्या ठोक्याला ४ ते ६ डेसिबल दबेल एवढा थ्रेशोल्ड (दाबणं सुरू होण्याची पातळी). अटॅक ५ मिलिसेकंदांवर नेला तर बोटाचा पहिला ठोका कापला जातो आणि लावणीत ढोलकीबरोबरची पकड सुटते. ४० हर्ट्झच्या खाली हायपास (खालचा आवाज कापणारा फिल्टर), कारण पोर्टवाल्या सबचा कोन त्याच्या खाली मोकाट हलतो. त्यातून ऐकू काही येत नाही, कॉइल मात्र जळते. २५० ला ३ डेसिबल कमी, ८०० ला २ वाढ. कोळीगीत आणि लावणीत ९० च्या आसपास आणखी २-३ डेसिबल काढले, तिथे ढोलकीचा डग्गा बसतो.

दुसरा पॅच जुन्या हिंदी गाण्यांसाठी: वरचा टोन कमी, थोडी ड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) साध्या आवाजात वीस टक्के मिसळलेली. तिसरा संथ गाण्यांचा, थोडा कोरस (आवाज डुलवणारा इफेक्ट). कोरस खालच्या सुरांनाही लागला की पाया डुलतो, म्हणून तो २०० हर्ट्झच्या वरच ठेवला.

चौथा सिंथ बेसचा, ऑक्टेव्हरवर (एक सप्तक खालचा सूर जोडणारा इफेक्ट). एका वेळी एकच सूर वाजवायचा, शेजारची तार हाताने दाबून धरायची. मोकळ्या ए तारेवर ऑक्टेव्हर लावला तर खालचा सूर २७.५ हर्ट्झचा, तो आमच्या सबमधून निघतच नाही, आणि मशीनही तिथे अडखळतं. ए तारेच्या सातव्या पडद्यापासून वर वाजवायचं: तिथला सूर ८२ चा, त्याखालचा ४१ चा. हाताची जागा बदलावी लागते, तेवढी तालीम घरी करायची.

ॲडॉप्टरबद्दल एक. त्याने मल्टिइफेक्ट आणि ट्यूनर एकाच वायरच्या फाट्यावर चालवले होते, त्यामुळे बारीक शिटी येत होती. डिजिटल मशीनला स्वतंत्र ॲडॉप्टर दिल्यावर ती थांबली. ९ व्होल्टचा ॲडॉप्टर घेताना मधली पिन निगेटिव्ह आहे ना आणि मिलिअँपियर मशीनवर लिहिल्याइतके किंवा जास्त आहेत ना, एवढं बघायचं. त्याचं मशीन यूएसबीवरही चालतं, म्हणून पॉवर बँक लावून ठेवायला सांगितली. लाइट जाऊन जनरेटर येईपर्यंतच्या काही सेकंदांत मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं तर भलताच पॅच समोर येतो.

मोठ्या ॲम्पचे पैसे राहिले, त्यातून खरेदीचा क्रम लिहून दिला. आधी ॲक्टिव्ह डीआय. मग तीन मीटरच्या दोन चांगल्या जॅक केबल, प्लग उघडून सोल्डर बघता येतील अशा. त्यानंतर पायाने म्यूट होणारा ट्यूनर, म्हणजे गाण्यांच्या मधे आवाज न करता तार लावता येते. मग कमरेला अडकवायचा तारेचा हेडफोन ॲम्प आणि कानात घट्ट बसणारे इअरफोन; मिक्सरच्या ऑक्समधून (वेगळ्या आउटपुटमधून) त्यात बेस, ढोलकी आणि मुख्य गायक एवढंच घ्यायचं. कंप्रेसरचं वेगळं पेडल आता नको, मशीनमधला पुरेसा आहे. ॲम्पचा विचार झालाच तर हलक्या क्लास डी हेडचा (स्पीकर नसलेला ॲम्प), आणि तोही जिथे सब नसतात अशा गावच्या जत्रांचे कार्यक्रम वाढले तर.